विमानप्रवास आणि सामानाचे वजन

प्रवास म्हटला की सामान आले; आणि मराठी घरात सामान म्हटले की ट्रंक, वळकटी, फराळाचा डबा, लोणच्याची बरणी आणि निघतानिघता कोणीतरी हातात ठेवलेली एखादी पुरचुंडी, हे सारे ओघानेच आले. नल्लकुंट्यातील रहिवाशांना काचीगुडा स्टेशन जवळचे. तेथून गाडीत बसून मराठवाड्यातील आप्तांकडे जाणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्या अशाच सामानानिशी प्रवास करीत आल्या. रेल्वेतही वजनाचा नियम आहे; शयनयानाच्या डब्यात एका प्रवाशास ४० किलो सामान विनामूल्य नेता येते. परंतु तेथे प्रत्येक ट्रंक काट्यावर चढत नाही, म्हणून नियमाची आठवणही कोणास राहत नाही. विमानाची गोष्ट निराळी. तेथे सामान तोलले जाते, आणि वाढत्या वजनाचे दाम जागच्या जागी मोजावे लागतात. हा नियम का आहे व तो पाळावा कसा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

विमान हवेत तरते ते पंखांना मिळणाऱ्या उचलीमुळे. या उचलीस मर्यादा असल्याने विमानाचे स्वतःचे वजन, इंधन, प्रवासी आणि सामान यांची बेरीज ठरलेल्या आकड्यापुढे जाऊन चालत नाही. शिवाय हवा तापली की ती विरळ होते व उचल कमी पडते. आपले हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंचीवर वसलेले. येथील उन्हाळ्यात वैमानिकांना हा हिशेब अधिकच जपावा लागतो. १८० आसनांच्या विमानात प्रत्येकाने केवळ ५ किलो अधिक आणले, तर ९०० किलो भार वाढेल, आणि तो वाहण्यासाठी इंधनही अधिक जळेल. एवढ्यानेही भागत नाही. सामान पोटात कोठे ठेवले आहे यावर विमानाचा तोल अवलंबून असतो. म्हणून उड्डाणापूर्वी भाराचा लेखी ताळेबंद तयार होतो. आपल्या पेटीचे वजन हा त्या ताळेबंदातील एक आकडा होय.

भारतीय हवाई वाहतुकीचा प्रारंभच मोजक्या वजनाने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस विमान आणले, तेव्हा त्यात प्रवाशांऐवजी सुमारे २५ किलो टपाल होते. आपल्या शहरातही १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. बेगमपेठेच्या विमानतळावरून तिची डकोटा विमाने उडत. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २००८ च्या मार्चमध्ये प्रवासी वाहतूक बेगमपेठेहून शमशाबादच्या नव्या विमानतळावर गेली. बेगमपेठ नल्लकुंट्याहून जवळ होते. शमशाबाद सुमारे ३० किलोमीटर दूर. तेथे पोहोचल्यावर 'जास्तीची पिशवी घरी ठेवून येतो' असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

विमानाने जाणारे सामान दोन प्रकारचे असते. एक, काउंटरवर तोलून विमानाच्या पोटात जाणारे, ज्यास चेक-इन म्हणतात. आणि दुसरे, आपल्याबरोबर आसनापर्यंत येणारे हातसामान. देशांतर्गत प्रवासात साधारण तिकिटावर बहुधा १५ किलो चेक-इन व ७ किलोची एक हातपिशवी चालते. तीही सर्वसाधारणपणे ५५ सेंटिमीटर लांब, ३५ रुंद व २५ जाड यापेक्षा मोठी नसावी लागते. काही कंपन्या हे १५ किलो एकाच नगात मागतात. तेवढ्याच वजनाच्या दोन पिशव्या नेल्यास दुसरीचे निराळे शुल्क पडते.

परदेशप्रवासात दोन पद्धती आढळतात. पहिली वजनाची: एकूण ३० किलो असे ठरले, की ते आपण एका पेटीत न्या वा दोन पेट्यांत वाटा. दुसरी नगांची: अमेरिकेकडील साध्या तिकिटावर पुष्कळदा प्रत्येकी २३ किलोचे दोन नग मिळतात. येथे एक पेटी २० किलोची व दुसरी २६ किलोची झाली, तर बेरीज ४६ च राहिली तरी दुसरी पेटी नियमाबाहेर जाते. एका नगाचे वजन ३२ किलोंहून अधिक असल्यास तो बहुधा पैसे देऊनही स्वीकारला जात नाही. कारण तो उचलणारा हमालही माणूसच आहे.

सर्वांत मोठी फसगत होते ती दोन निराळ्या तिकिटांमुळे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने मुंबईहून अमेरिकेचे तिकीट काढले व हैदराबाद ते मुंबई हे तिकीट स्वस्त मिळाले म्हणून वेगळे घेतले. त्याच्या मोठ्या प्रवासास ४६ किलोंची मुभा आहे, पण छोट्या प्रवासास १५ च. उरलेल्या ३१ किलोंवर किलोमागे ५०० रुपये दर धरला, तर १५,५०० रुपये होतात. तिकिटात वाचवलेले सारे येथे गेले! हाच प्रवास एका तिकिटावर असता, तर बहुधा मोठ्या प्रवासाची मुभाच हैदराबादपासून लागू झाली असती.

दुसरी सावधगिरी तिकीट घेतानाच बाळगावी. २०२१ च्या फेब्रुवारीपासून आपल्या देशात केवळ हातपिशवी घेऊन जाणाऱ्यास सवलतीचे तिकीट देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली आहे. तेव्हा सर्वांत स्वस्त तिकिटात चेक-इनचे सामान धरले आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच वाचावे. सामान वाढणारच असेल, तर त्याचे शुल्क आधी भरावे. काउंटरवरचा दर त्याहून चढा असतो. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून गेल्या वर्षी कोणी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

कोणती वस्तू कोठे ठेवावी, यामागेही शास्त्र आहे. करंजीसाठी लागणारे सुके खोबरे आपणास निरुपद्रवी वाटते. परंतु ते तेलकट असल्याने आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते व ते चेक-इनमध्ये चालत नाही. कापूर व आगपेटी हीही घरीच ठेवावीत. याउलट मोबाइलची पॉवर बँक हातसामानातच न्यावी. विमानाच्या पोटात ती पेटली तर विझविण्यास तेथे कोणी नसते. तिची मर्यादा साधारणतः १०० वॅट-अवर. २०,००० मिलिअँपिअर-अवर म्हणजे २० अँपिअर-अवर, त्यास ३.७ व्होल्टने गुणले की ७४ येतात, म्हणजे ती चालते. हा गुणाकार नववीच्या विद्यार्थ्यास सहज जमावा. लोणचे, तूप, मध हे घट्ट बांधून चेक-इनमध्ये घालावे. परदेशप्रवासात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या पात्रातील पातळ पदार्थ हातात नेता येत नाहीत. औषधे, दागिने, प्रमाणपत्रे मात्र सदैव आपल्याजवळ असावीत.

वजन घरीच करावे. त्यासाठी खास काटा हवा असे नाही. घरात माणसाचे वजन करण्याचा काटा असल्यास प्रथम पेटी घेऊन उभे राहावे, मग पेटीवाचून. दोन्ही आकड्यांची वजाबाकी म्हणजे पेटीचे वजन. रिकामी पेटीच चार-पाच किलोंची असते, हे विसरू नये; आणि एखादा किलो मोकळा ठेवावा, कारण दोन काटे क्वचितच एकमत होतात.

सामान दिल्यावर मिळणारी चिठ्ठी जपून ठेवावी. पेटी आली नाही वा फुटून आली, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. भारताने २००९ मध्ये स्वीकारलेल्या माँट्रियल करारानुसार परदेशप्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार ७ दिवसांत, आणि पेटी उशिरा मिळाल्याची ती मिळाल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत पेटी न आल्यास ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. नियम केवळ आपणास बांधत नाहीत, ते कंपनीसही बांधतात. पण हक्क त्यालाच मिळतो, जो ते वाचतो.

विद्यार्थी मित्रहो, आज आपल्या कित्येक घरांतून एखादा मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी दूरदेशी जाते. आई आठवडाभर खपून मेतकूट, चटण्या, लाडू करते. ऐन वेळी काउंटरपुढे पेटी उघडून, मागे रांग खोळंबली असता, पुस्तके ठेवावीत की आईचे डबे, हे ठरविण्याची पाळी त्या मुलावर का यावी? ती निवड घरी, सर्वांच्या विचाराने, आदल्या दिवशी होऊ शकते. घरात इंग्रजी नियमावली वाचू शकणारे बहुधा तुम्हीच असता. वडीलधाऱ्यांचे तिकीट आले की ते हाती घ्या, त्यावरील सामानाची ओळ शोधून त्यांना मराठीत समजावून सांगा, आणि काटा पुढे ओढा. शाळेत शिकलेली बेरीज-वजाबाकी घरच्यांच्या उपयोगी पडावी, यासारखी दुसरी परीक्षा नाही.