स्वयंवादक पियानोतील नादबलाचे नियंत्रण

स्वयंवादक पियानोत कोणता स्वर केव्हा वाजावा हे कागदी गुंडाळीवरील छिद्रे ठरवितात. परंतु तो किती जोराने वाजावा, हा प्रश्न अधिक बिकट होय. छिद्र उघडताच हवेच्या शोषणाने त्या स्वराचा लहान भाता मिटतो व हातोडी तारेवर आदळते. शोषण जितके तीव्र, तितका नाद मोठा. सारांश, नादबलाचे नियंत्रण म्हणजे शोषणाचे नियंत्रण होय.

साध्या यंत्रात हे काम चालकाचे पाय करीत. १९०४ साली जर्मनीतील फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने 'वेल्टे-मिन्यों' यंत्रात ते छिद्रांकडे सोपविले. पुढे अमेरिकेतील 'ड्युओ-आर्ट' पद्धतीत साथ व मुख्य सुरावट यांसाठी चार-चार छिद्रे योजिली गेली. त्यांची मूल्ये १, २, ४ व ८ असल्यामुळे शून्य धरून १६ पायऱ्या साधत. जोडछिद्र येताच पट्ट्यांच्या त्या अर्ध्या भागास क्षणभर मुख्य सुरावटीचे शोषण मिळे.

तथापि ड्युओ-आर्टची ही छिद्रे वादकाच्या बोटांनी उमटत नसत. वादन चालू असता दुसरा तंत्रज्ञ ते ऐकत तबकड्या फिरवून नादबल नोंदवी व मागाहून त्यात दुरुस्त्या होत. यास्तव जुन्या वादकांच्या शैलीचा या गुंडाळ्यांवरून अभ्यास करताना कालमानाचा व नादबलाचा पुरावा एकाच तोलाचा मानणे युक्त नव्हे.