कुसळीचं बी आणि गर्भगिरीचा वणवा

डोंगर पेटवला की पुढच्या पावसाळ्यात गवत जोमानं येतं, ही समजूत महाराष्ट्राच्या बहुतेक डोंगराळ भागांत आहे. पाथर्डी तालुक्यात गर्भगिरीच्या कुशीतली गावंही तिला अपवाद नाहीत. शेळ्या-मेंढ्यांवर ज्याचं घर चालतं त्या माणसाला ही समजूत अडाणीपणाची आहे असं सांगून काही उपयोग नाही. तिच्यात थोडं खरं आहे, आणि सगळा घात त्या थोड्या खऱ्यानंच केला आहे.

वाळलेल्या गवताचा थर जळून गेला की जमिनीवर ऊन थेट पोहोचतं. राखेतलं पालाश, चुना आणि थोडं स्फुरद पहिल्या सरीबरोबर मुळांना मिळतं. जुन्या काड्यांची अडगळ नसल्यानं कोवळे कोंब लगेच डोळ्यांत भरतात. एवढं खरं. नत्राचं गणित मात्र उलटं आहे. वनस्पतींतलं नत्र साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे वायुरूप होऊन उडू लागतं, आणि पेटत्या गवताची ज्वाळा सहाशे-सातशे अंशांपर्यंत सहज जाते. म्हणजे डोंगरावरून उठणाऱ्या धुरातून खतच आकाशात जात असतं. मागे उरलेल्या राखेतली बरीचशी वळवाच्या पहिल्या जोरदार पावसात उतारावरून ओढ्याला लागते. झाडोऱ्याखाली पाचोळ्याचा जाड थर असेल तर आणखी एक नुकसान होतं. पानांमधले मेणासारखे पदार्थ उष्णतेनं वाफ होऊन मातीत शिरतात, थोडं खाली गेल्यावर थंड होऊन मातीच्या कणांवर बसतात, आणि पाणी मुरू न देणारा पापुद्रा तयार होतो. पर्जन्यछायेतल्या, टँकरची वाट पाहत उन्हाळे काढलेल्या तालुक्यात डोंगरावर पडलेलं पाणी मुरण्याऐवजी वाहून जाणं हा तोटा चाऱ्याच्या तोट्यापेक्षाही मोठा आहे.

आता जे जोमानं येतं ते गवत कोणतं, ते पाहू. माळावरून चालून आल्यावर पायजम्याला चिकटलेलं कुसळी या गवताचं एक बी काढून तळहातावर घ्या. खालचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं आणि त्यावर मागे वळलेले ताठ केस असतात. त्यामुळे ते कापडात, लोकरीत, कातडीत पुढे सरकतं, मागे येत नाही. वर काही सेंटिमीटर लांबीचं तपकिरी कुसळ असतं. त्याचा खालचा भाग पिळलेला आणि वरचा कोनात वाकलेला. या कुसळावर पाण्याचा एक थेंब टाका. पीळ उलगडू लागतो आणि वाकलेला दांडा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन आळीपाळीनं मिळत गेलं की हे बी स्वतःच स्वतःला मातीत रोवून घेतं.

आग आली तेव्हा हे बी मातीत असतं. गवताची आग वेगानं पुढे सरकते, एका जागी फार वेळ थांबत नाही. माती ही उष्णतेची वाईट वाहक. वर शेकडो अंशांची ज्वाळा असताना सेंटिमीटरभर खाली बी सुखरूप राहू शकतं. पवन्या आणि मारवेल ही जनावरांची आवडती, कसदार गवतं. त्यांच्यावर एकीकडून सततच्या चराईचा आणि दुसरीकडून दरवर्षीच्या आगीचा मारा झाला की ती मागे हटतात आणि मोकळी झालेली जागा कुसळी घेते. फुलण्याआधी कापली तर कुसळीही बरा चारा आहे. एकदा कुसळं धरली की मात्र मेंढ्यांच्या लोकरीत गुंता होतो, तोंडात जखमा होतात, आणि कुठल्याही धनगराला ती नकोशी होते. मग नकोसं गवत उभंच वाळतं, आणि पुढच्या फाल्गुनात पेटायला तेच तयार असतं. चाऱ्यासाठी लावलेली आग अशी वर्षागणिक चारा निकृष्ट करत जाते. माझ्या मते गर्भगिरीच्या वणव्यांबद्दल गावोगाव सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे.

डोंगरावरची आग सपाटीवरच्या आगीपेक्षा वेगळी वागते. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकलेली असते, त्यामुळे ते पेटण्याआधीच तापून कोरडं होतं. चढ दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. दुपारी दरीतला वाराही वर चढत असतो, म्हणून घाटाच्या पायथ्याशी पडलेली ठिणगी बघता बघता माथा गाठते. आग विझवणाऱ्यानं आगीच्या वरच्या बाजूला उतारावर कधीही उभं राहू नये, ते याचसाठी. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात एप्रिल २०२१ मध्ये आग विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा जीव गेला. त्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या काळात, उपग्रहांनी देशभरातल्या जंगलांत ३ लाख ४५ हजारांहून जास्त आगी टिपल्या होत्या.

गर्भगिरीला विझवणाऱ्या हातांची टंचाई ऐन गरजेच्या वेळी असते. पाथर्डी हा ऊसतोड मजुरांचा तालुका. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांच्या फडांवर जातात आणि बऱ्याचशा पाडव्याच्या आसपास परततात. वणव्याचा धोका फेब्रुवारीच्या मध्यापासून चढू लागतो, तेव्हा डोंगराकडेच्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि पोरंच असतात. वनरक्षकाच्या वाट्याला मैलोन्‌मैल डोंगर असतो. हिरव्या फांद्यांनी झोडपून आणि हवा फेकणाऱ्या ब्लोअरनं आग आटोक्यात येते खरी, पण त्यासाठी माणसं तिथं वेळेत पोहोचावी लागतात. याच दिवसांत मढीला कानिफनाथांची यात्रा असते, होळीपासून पाडव्यापर्यंत. गर्भगिरीच्या पायथ्याशी लाखो भाविक येतात, तेव्हा डोंगर सगळ्यांत कोरडा असतो. तिथली एकही चूल निखारे तसेच ठेवून सोडली जाऊ नये.

उपग्रह आहेत, मग काळजी कशाला, असं वाटू शकतं. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींचा इशारा वन कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवते, आणि ही मोठी सोय आहे. नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात संस्थेनं देशभरात २,०३,५४४ आगी नोंदवल्या. त्यांतल्या १६,००८ महाराष्ट्रातल्या होत्या. यात गडचिरोलीसारख्या घनदाट जंगलांच्या जिल्ह्यांचा वाटा मोठा असतो. पण ज्या संवेदकातून यातल्या बहुतेक नोंदी मिळतात त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो, आणि त्याचे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी पाचला पेटून रात्री नऊला विझलेली गवताची आग त्यांच्या नजरेतून सुटू शकते. जळून गेलेला डोंगर गावाला दिसतो, आकडेवारीला दिसतोच असं नाही.

या आगीत काय जातं, तेही मोजलं जात नाही. तित्तर, टिटवी, चंडोल, धाविक हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, आणि त्यांच्या विणीचा काळ उन्हाळ्यातच सुरू होतो. लांडग्याची पिल्लं हिवाळ्यात जन्मतात, म्हणजे वणवा लागतो तेव्हा ती लहान असतात. मोठा लांडगा पळून जाईल, पिल्लांना ते जमेलच असं नाही. सीताफळाला आणि पळसाला बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात, पण दरवर्षी जळणारं रोप झुडूपच राहतं, त्याचं झाड होत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माळरान म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी साहित्यातल्या आणि ओव्यांतल्या वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातला विरळ झाडांचा गवताळ प्रदेश निदान ७५० वर्षं जुना आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. अशा प्रदेशांत आग अधूनमधून येतच आली आहे, आणि तिथल्या कित्येक वनस्पती तिला सरावलेल्या आहेत. म्हणून वणवा टळावा यासाठी सगळा माळ झाडांनी भरून टाकणं हा उपाय नव्हे. एकाच उतारावर दरवर्षी, तीही ऐन उन्हाळ्यात आग लागणं, हे मोडायला हवं.

त्यासाठी परदेशी उदाहरण शोधायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजार या गावानं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, आणि डोंगरावरचं गवत विळ्यानं कापून न्यायची मुभा ठेवली. वेळेवर कापलेलं गवत गोठ्यात चारा होतं आणि डोंगरावर जळायला काही उरत नाही. कापणी करताना कुसळी फुलण्याआधीच निघाली तर तिचं बीही पडत नाही. वन विभागाच्या जाळरेषांना, म्हणजे आग अडवण्यासाठी उन्हाळ्याआधी मोकळ्या केलेल्या पट्ट्यांना, याची जोड मिळाली तर अर्धं काम फेब्रुवारीच्या आधीच होतं. हे ठरवायचं तर ग्रामसभा ऊसतोडीच्या टोळ्या गावात असताना, श्रावण-भाद्रपदातच घ्यावी लागेल.

आणि तरीही डोंगरावर रेघ पेटलेली दिसली, तर वाट पाहू नका. वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. गावाचं नाव, डोंगराची कोणती बाजू आणि आग चढाकडे चालली आहे की उताराकडे, एवढं सांगा. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि त्याच कायद्यात वनात हक्क असलेल्या माणसांनी आग विझवायला मदत करणंही बंधनकारक आहे.