वरच्या दाढेचे इम्प्लांट आणि गालात ठाण मांडून बसलेले दुखणे

वरच्या जबड्यात मागच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवल्यानंतर गालात, डोळ्याखाली किंवा नाकाच्या एकाच बाजूला जे दुखणे आठवडेच्या आठवडे रेंगाळते, ते सर्दीचे म्हणून अंगावर काढले जाते. परंतु त्याचे मूळ पुष्कळदा जबड्यातच असते आणि तिथे ते शोधले जात नाही, हीच या दुखण्यातली खरी अडचण आहे. विरारजवळच्या नंदाखाल, आगाशी, बोळींज या पट्ट्यातील रुग्ण दातासाठी एका दवाखान्यात आणि नाकासाठी दुसऱ्या दवाखान्यात जातो. दंतवैद्य नाकाकडे बोट दाखवतो, नाकाचा डॉक्टर गोळ्या देतो आणि दोघांचे कागद एका टेबलावर कधी येतच नाहीत.

गालाच्या हाडाच्या आत दोन्ही बाजूंना हवेने भरलेली एकेक पोकळी असते, तिलाच बोलीत सायनस म्हणतात. कवटीतील अशा पोकळ्यांपैकी ही सर्वांत मोठी असून प्रौढ माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर हवा मावते. इंग्लिश वैद्य नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. तिच्या आतून एक नाजूक अस्तर असते आणि त्यावरील सूक्ष्म केस आत पाझरणारा चिकट स्राव सतत पुढे ढकलत नाकात नेऊन सोडतात. मात्र या पोकळीचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला आहे, त्यामुळे हा स्राव चढावर न्यावा लागतो आणि अस्तराला थोडी सूज आली तरी ते अरुंद तोंड बंद होऊन स्राव आत साठतो. वरच्या दाढांची मुळे या पोकळीच्या तळाला जवळजवळ भिडलेली असतात. काहींच्या बाबतीत मधले हाड कागदाइतकेच उरते.

दाढ काढल्यानंतर तिथले हाड खालून झिजत जाते आणि वरून सायनस खाली पसरते, म्हणून दाढ काढून बरीच वर्षे लोटलेल्या माणसात इम्प्लांटसाठी पुरेसे हाड शिल्लक नसते. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या १९५२ मधील सशांवरील प्रयोगात लक्षात आले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले. वरच्या जबड्यातील हाडाच्या तुटवड्यावर हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात उपाय काढला: हाडात लहानशी खिडकी पाडायची, सायनसचे अस्तर न फाडता हलकेच वर उचलायचे आणि खाली तयार झालेल्या जागेत हाडाची भुकटी भरायची. याला सायनस लिफ्ट म्हणतात. हे अस्तर अंड्याच्या कवचाला आतून चिकटलेल्या पापुद्र्यासारखे असते. म्हणूनच खिडकी पाडून केलेल्या शस्त्रक्रियेत ते फाटण्याचे प्रमाण अनेक अभ्यासांत पाचातल्या एकाच्या आसपास आढळले आहे, आणि त्यात सर्जनच्या हयगयीपेक्षा या जागेच्या नाजूकपणाचाच भाग मोठा असतो. लहान चीर तिथल्या तिथे झाकली तर बहुधा भरून येते; त्रास होतो तो चीर मोठी असली, भुकटीचे कण पोकळीत सांडले किंवा जंतुसंसर्ग झाला तर.

बिघाडाच्या आणखीही वाटा आहेत. इम्प्लांटचे टोक सायनसमध्ये मिलिमीटरभर डोकावले तर त्यावर अस्तर चढू शकते, पण ते बरेच आत गेले की त्याभोवती स्राव साचतो. क्वचित संपूर्ण इम्प्लांटच पोकळीत घसरते. कधी तोंड आणि सायनस यांच्यात आरपार भोक राहते, मग चूळ भरताना पाणी नाकातून येते. कधी इम्प्लांट निर्दोष असते आणि शेजारच्या दाढेचे जुने, अर्धवट रूट कॅनाल वरून पू सोडत असते. नाकाचा पडदा वाकडा असला किंवा सायनसचा जुना आजार आधीपासूनच असला, तर शस्त्रक्रियेच्या सुजेने आधीच अरुंद असलेली वाट पुरती बंद होते.

शस्त्रक्रियेनंतरचे साधे दुखणे आणि सूज दोन-चार दिवसांनी उतरणीला लागते व आठवड्या-दोन आठवड्यांत सरते. याउलट दुखणे वाढत गेले, एकाच नाकपुडीतून घट्ट, कुबट वासाचा स्राव येऊ लागला, वाडीत वाकून भाजी खुडताना गाल जड होऊन ठणकू लागला, तर ते सर्दीचे समजू नये; सर्दी सहसा दोन्ही नाकपुड्या धरते. याहून वेगळा असा एक प्रकार आहे. स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही, पण जागा जळजळते, विजेसारखी सणक येते, गाल किंवा ओठ बधिर राहतो. हे दुखावलेल्या मज्जातंतूचे दुखणे असते. त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो, औषधे निराळी असतात आणि वेदना थांबावी म्हणून शेजारचे चांगले दात काढत जाणे हा तर अन्यायच आहे.

मधुमेही रुग्णाने मुळीच वाट पाहू नये. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, जो कहर केला त्यात अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड ही मोठी कारणे होती. बुरशी सायनसमधून वरच्या जबड्यात उतरत होती आणि कित्येकांचे पहिले लक्षण हलणारे दात व गालाचे दुखणे हेच होते. तो आजार विरळा असला, तरी गालाची त्वचा बधिर होणे, टाळूवर काळा डाग, डोळ्याला सूज किंवा दुहेरी दिसणे यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

तपासणीत साधा एक्स-रे अपुरा पडतो. सीबीसीटी हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन इम्प्लांटचे टोक, हाड आणि सायनसचा तळ मिलिमीटरच्या हिशेबाने दाखवतो, तर नाकात दुर्बीण घालून पू नेमका कुठून उतरतो ते पाहता येते. पोकळीचे तोंड दुर्बिणीने मोकळे करणे आणि दाताकडचे कारण दूर करणे ही दोन्ही कामे लागू शकतात. त्यांचा क्रम दोन्ही तज्ज्ञांनी मिळून ठरवावा, कारण मूळ तसेच ठेवून नुसते सायनस धुतल्याने दुखणे परतते. इम्प्लांट पक्के असेल तर ते काढावेच लागते असे नाही. खासगी खर्च न झेपणाऱ्यांसाठी विरार लोकलने गाठता येण्याजोगे नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रल स्थानकाजवळ आणि शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ आहे.

सायनस लिफ्ट झालेल्यांनी पहिले दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नये, शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी, स्ट्रॉने पिऊ नये आणि विडी, सिगारेट, मिश्री कटाक्षाने टाळावी. परदेशी नोकरी करणाऱ्यांनी सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात ही शस्त्रक्रिया उरकून विमानात बसू नये, कारण हवेच्या दाबातील बदल ताज्या जखमेला सोसत नाही. आणि दुखणे तीन आठवड्यांपुढे गेलेच, तर शस्त्रक्रियेची तारीख, इम्प्लांटची लांबी, भुकटी भरली होती की नाही याची लेखी नोंद व आधीचे-नंतरचे सगळे स्कॅन दंतवैद्याकडून मागून घ्यावेत आणि ते घेऊनच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. हे कागद मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.