खेळताना लागणारच? मुलांच्या दुखापती आणि आपण



तालुक्याच्या खो-खो स्पर्धेआधी आमच्या सहावीतली एक मुलगी रोज सांगायची, "बाई, गुडघा दुखतोय." मला वाटलं, सराव टाळायला कारणं सांगतेय. मी तिला पळायला लावलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिला नीट चालताही येईना. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात पळण्याचा आणि उड्यांचा ताण जास्त झाला की गुडघ्याच्या वाटीखाली, हाडाला स्नायू जोडलेला असतो तिथे दुखतं. विश्रांती हाच उपाय. चूक माझी होती. तेव्हापासून मी या विषयावर वाचू लागले.

"खेळ म्हटलं की लागणारच," असं आपण म्हणतो. संशोधक तसं म्हणत नाहीत. नेदरलँड्सचे व्हॅन मेखेलेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दुखापती टाळण्यासाठी चार पायऱ्या मांडल्या :

१) कोणाला, किती दुखापती होतात ते मोजा.
२) त्या का आणि कशा होतात ते शोधा.
३) उपाय सुरू करा.
४) पुन्हा मोजा आणि फरक पडला का ते पाहा.

म्हणजे आपण मूल्यमापनात करतो तेच की!

याचं एक चांगलं उदाहरण नॉर्वेचं आहे. तिथे फुटबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वयाच्या १८९२ मुलींवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही क्लबमधल्या मुलींनी सरावाआधी २० मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप केला. त्यात हळू पळणं, पाय आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, एका पायावर तोल सांभाळणं आणि उडी मारून नीट उतरणं होतं. बाकीच्या क्लबनी नेहमीसारखाच सराव केला. वॉर्म-अप करणाऱ्या गटात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. अतिवापराच्या दुखापतीही, म्हणजे आमच्या मुलीला झाली तशा, बऱ्याच घटल्या. फक्त पायाच्या दुखापतींचा विचार केला तर फरक तेवढा खात्रीचा नव्हता, हेही सांगायला हवं.

यात महागडं साहित्य काहीच नाही. मुख्य गोष्ट म्हणजे सवय. उडीवरून उतरताना गुडघे थोडे वाकलेले हवेत आणि ते आत एकमेकांकडे झुकायला नकोत. खो-खोतली झेप, कबड्डीतली उडी, स्नेहसंमेलनातला नाच, सगळीकडे हे लागू पडतं.

आता आम्ही शाळेत एवढं करतो :

• दुखापतींची एक साधी वही ठेवतो : तारीख, खेळ, कुठे लागलं, कसं लागलं.
• सरावाआधी वॉर्म-अप, रोज. अगदी उशीर झाला तरी.
• स्पर्धा किंवा स्नेहसंमेलन जवळ आलं म्हणून सराव एकदम दुप्पट करत नाही, हळूहळू वाढवतो.
• "दुखतंय" म्हटलं की त्या दिवशी विश्रांती. दुखणं थांबलं नाही, लंगडणं किंवा सूज दिसली तर पालकांना कळवून डॉक्टरांकडे.

पालकहो, घरीही मूल "पाय दुखतोय" म्हणालं तर आधी विचारा : कुठे दुखतं, कधीपासून, काय करताना? ती मुलगी बरी होऊन पुन्हा खेळू लागली. पण आता ती "बाई, दुखतंय" म्हणाली की मी आधी शिट्टी खाली ठेवते.