एका सहीआधी: किनाऱ्यावरची वाडी आणि परदेशातलं गिऱ्हाईक

आज आपण जमिनीबद्दल बोलणार आहोत. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही जा, नारळ-सुपारीच्या वाड्यांना नवी फाटकं लागलेली दिसतात. २०२० साली मुंबई-मांडवा रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. तेव्हापासून दलालांच्या फेऱ्या वाढल्यात. दलाल म्हणतो, "परदेशातल्या साहेबांना रिसॉर्टसाठी जागा हवी. पैसे रोख देतील."

इथे पहिला प्रश्न विचारायचा: साहेब नेमके कोण?

भारताबाहेर राहणारा, मूळचा भारतीय नसलेला परदेशी माणूस इथे जमीन विकत घेऊ शकत नाही. परदेशात राहणारे आपले लोक, म्हणजे अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डवाले, घर किंवा दुकान घेऊ शकतात. पण शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस त्यांना विकत घेता येत नाही. वारसाने मात्र मिळते. म्हणून आखातात गेलेल्या भावाबहिणीचा हिस्सा तिथे गेल्यामुळे बुडत नाही.

आणि मुंबईचे साहेब? महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर सहसा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय विकताच येत नाही. आपल्या कातकरी, ठाकूर बहिणींनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

मग ज्याला घेता येत नाही, तो दुसऱ्याच्या नावावर घेतो. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचं. असा व्यवहार बेनामी ठरू शकतो. पुढे भांडण झालं की कोर्टाच्या पायऱ्या आपल्याच घराला चढाव्या लागतात.

दुसरा प्रश्न आपल्या सहीचा. आमच्या गटातल्या एकीला भावाने बोलावलं, "ताई, वारसनोंदीसाठी एक सही कर." तिने कागद मुलीकडून वाचून घेतला. ते होतं हक्कसोडपत्र! नोंदणी झाली असती, तर वाडीतला तिचा हिस्सा गेला असता. भावाशी बोलणं थोडे दिवस बंद झालं, पण हिस्सा राहिला.

२००५ च्या कायद्याने हिंदू घरातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. लग्न झालं तरी तो जात नाही. २००५ पूर्वी वडील वारले असले तरी मुलीला हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांत वारसा त्यांच्या कायद्याने ठरतो, पण हिस्सा मुलीलाही असतोच.

म्हणून एवढं करा. सातबारा आणि आठ अ काढून आपलं नाव पाहा. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. विसाराची रक्कम वीस हजार किंवा जास्त असेल तर रोख घेऊ नका, बँकेतूनच घ्या. कायदाही तेच सांगतो. मुखत्यारपत्र कुणालाही सहज देऊ नका. कोऱ्या कागदावर अंगठा नाही म्हणजे नाही.

विकायचंच असेल तर जरूर विका. जमीन आपली, निर्णयही आपला. पण कागद आधी गटात वाचा, मग सही करा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे मोफत मदत मिळते.