वसणारांचीं नांवें

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे कदमवाकवस्ती, लोणी काळभोर, कुंजीरवाडी व उरुळी कांचन हीं गांवें लागतात. काळभोर, कुंजीर व कांचन हीं या भागांतील घराण्यांचीं आडनांवें. तीं गांवांच्या नांवांत कायमचीं जाऊन बसलीं आहेत. नव्या भूमीवर येऊन राहणाऱ्या माणसांसाठीं आपल्या भाषेंत कोणकोणते शब्द आहेत व ते कोठें वापरावेत, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम जागेचे शब्द पाहूं. शेताजवळ चारदोन घरें झालीं कीं ती वस्ती. मोठ्या गांवाच्या आश्रयानें वाढली ती वाडी. व्यापारी व कारागीर यांना बोलावून वसविली ती पेठ. दूर देशीं समुदायानें जाऊन कायमचें ठाणें दिलें तर ती वसाहत.

आतां माणसांचे शब्द. जुन्या गांवांत पिकाऊ जमिनीला काळी व घरांच्या जागेला पांढरी म्हणत. काळींतील जमीन ज्याची वडिलोपार्जित, तो मिरासदार किंवा थळकरी. त्याला ती विकतां येई, आणि परागंदा होऊन पुष्कळ वर्षांनीं परतला तरी तिच्यावर हक्क सांगतां येई. जो बाहेरून येऊन ठरल्या मुदतीपुरती जमीन कसी, तो उपरी. नदीपलीकडील लोणीकंद गांवाची पाहणी थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरानें इ. स. १८२० च्या सुमारास लिहून ठेविली. तींतहि हा भेद नोंदलेला आहे. म्हणजे 'उपरी' हा मुळांत निंदेचा शब्द नव्हे. ती जमिनीच्या हिशेबांतील एक संज्ञा होय.

उलट, अशा माणसाची सरकारला गरजच असे. दुष्काळानें किंवा स्वाऱ्यांनीं गांव ओस पडला म्हणजे नव्या कुळांना कौल देऊन बोलावीत. पडीक जमीन मोडणाराला पहिल्या वर्षीं सारा अगदीं हलका. पुढें तो दरसाल थोडा वाढवीत पूर्ण दरास नेत. या पद्धतीस इस्तावा म्हणत. तेव्हां ओसाड रान पिकाऊ करण्यांत उपऱ्याचा घाम मोठा होता.

परंतु कालांतरानें 'उपरी'चा 'उपरा' झाला आणि 'आपला नव्हे तो' एवढाच अर्थ उरला. भटकंतीचें जिणें वाट्यास आलेल्या समाजांतील लक्ष्मण माने यांनीं १९८० सालीं आपल्या आत्मकथनास 'उपरा' हेंच नांव दिलें, त्यांत हा सारा सल भरलेला आहे.

'वसाहतवाले' या शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांत निंदा नाहीं. पण पूर्वींच्या रहिवाशांचा उल्लेखहि नाहीं. १७८८ सालीं इंग्रजांनीं ऑस्ट्रेलियांत पहिली वसाहत केली, तेव्हां तेथें हजारों वर्षें आदिवासी नांदत होते. तरी ती भूमि कोणाचीच नव्हे असें धरून कारभार चालला; तेथील उच्चतम न्यायालयानें ही समजूत १९९२ सालीं मोडून काढली.

ज्याला आपली जागा नाइलाजानें सोडावी लागली, त्याचे शब्द निराळे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आले ते निर्वासित. कल्याणजवळील त्यांच्या छावणीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें. कोयना, पानशेत यांसारख्या धरणांच्या पाण्याखालीं ज्यांचीं गांवें गेलीं, ते धरणग्रस्त. अशांना पुन्हा वसविणें म्हणजे पुनर्वसन. मात्र निर्वासितानें नवें घर बांधलें, त्याचीं मुलें तेथेंच वाढलीं, म्हणजे तो निर्वासित राहत नाहीं. तो स्थायिक होतो. शब्दानेंहि वेळीं बदलावें.

विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. नोकरीसाठीं आला तो स्थलांतरित, हाकलला गेला तो निर्वासित, कायमचा राहिला तो स्थायिक. आणि दुसऱ्याच्या भूमीवर सत्ता बसविली तर तेथें वसाहतवाद हाच शब्द खरा. 'उपरा' मात्र कोणास म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. आज आपल्या परिसरांत कामधंद्यासाठीं दूरदूरचीं कुटुंबें येतात व त्यांचीं मुलें आपल्या शेजारीं बसतात. ज्यांच्या आडनांवानें आज गांव ओळखला जातो, त्यांच्याहि कोणा पूर्वजानें एके काळीं या मातींत पहिला नांगर धरलाच असेल.