सर्व्हरला धाप का लागते?

दिंडोशीच्या दिवाणी व सत्र न्यायालयातली पुढची तारीख कळायला आता प्रत्येक वेळी हेलपाटा घालावा लागत नाही. फोनवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडायचं, खटल्याचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकायचा, की तारीख समोर. क्रमांक हाताशी नसेल तर पक्षकाराच्या नावानं शोधा. आडनाव ‘पाटील’ असेल तर बसा मग यादी चाळत. डेटाबेसचा सर्व्हर मंद का होतो, याचं निम्मं उत्तर या फरकातच आहे.

जुन्या न्यायालयातली रेकॉर्ड रूम आठवा. एकाच फळीवरचे, एकमेकांना चिकटून ठेवलेले वीस गठ्ठे कारकून एका खेपेत आणून देई. तेच वीस गठ्ठे वीस वेगळ्या कपाटांत असले की त्याचा दिवस गेलाच. वजन तेवढंच, पायपीट मात्र वेगळी. हार्ड डिस्कचं नेमकं हेच दुखणं आहे. तिची चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती नोंद वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, आणि त्याआधी ते डोकं धरणारा हात योग्य जागी सरकायला साधारण ८ मिलिसेकंद. एका नोंदीला असे १२ मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला जेमतेम ८० नोंदी होतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस ८ किलोबाइटच्या पानांनी वाचतो. पानं विखुरलेली असली तर सेकंदाला ६४० किलोबाइट पदरात पडतात. सलग वाचू दिलं तर हीच डिस्क सहज १५० मेगाबाइट देते.

आयबीएमची पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आली. २४ इंची ५० चकत्या, त्यांत ५० लाख अक्षरं, आणि एक नोंद गाठायला सुमारे ६०० मिलिसेकंद. आजच्या २० टेराबाइटच्या डिस्कची क्षमता तिच्या ४० लाख पट आहे, नोंद गाठण्याचा वेग मात्र फक्त ५० पट. कोठार फुगलं, कारकुनाचे पाय तेच राहिले.

त्यात रांग लागते. दिंडोशी मेट्रो स्थानकावर सकाळी दहाला उभं राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. ढोबळ गणित असं की, डिस्क निम्मा वेळ कामात असेल तर प्रत्येक कामाला दुप्पट वेळ लागतो. नव्वद टक्के असेल तर दहापट. १२ चे १२० मिलिसेकंद होतात आणि डिस्क मात्र ठणठणीत असते! म्हणून जाणकार आधी लिनक्सवर ‘आयोस्टॅट’ चालवून प्रत्येक मागणी किती थांबली ते पाहतात, आणि मग रांगेत कोण कोण आहे ते शोधतात. भर दुपारी कुणी बॅकअप लावलाय का? मेमरी अपुरी पडल्यानं तीच पानं पुन्हापुन्हा वाचली जाताहेत का?

माझ्या मते सगळ्यात लबाड गुन्हेगार म्हणजे डिस्क-नियंत्रक कार्डावरची इवलीशी बॅटरी. तिच्या भरवशावर कार्ड ‘लिहून झालं’ असं लगेच सांगतं आणि प्रत्यक्ष लिखाण सवडीनं करतं. मध्येच वीज गेली तरी माहिती शाबूत राहते. बॅटरी मेली की कार्ड सावध होतं आणि प्रत्येक नोंद चकतीवर उतरेपर्यंत थांबतं. काहीच बंद पडत नाही, फक्त सगळं रखडतं. मग लोक प्रोग्रॅमरला बोल लावत बसतात. आणखी एक गंमत: ब्रेंडन ग्रेग या अभियंत्यानं २००८ साली डिस्कच्या कपाटासमोर नुसतं मोठ्यानं ओरडून दाखवलं, आणि त्या कंपनांनी डिस्क मंदावल्याचं पडद्यावरच्या आलेखात दिसलं.

एसएसडीत चकतीही नाही आणि हातही नाही. एक वाचन मिलिसेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्शात होतं, त्यामुळे ‘नवी डिस्क घ्या’ हा सल्ला पुष्कळदा चालून जातो. पण इंडेक्स, म्हणजे शोधसूचीच नसेल तर एका नावासाठी सगळा तक्ता वाचावा लागतो, आणि तक्ता रोज वाढतो. इंडेक्स असेल तर कोटभर नोंदींतून हवी ती तीन-चार पायऱ्यांत सापडते. नावालाही इंडेक्स देता येतो. पण नावाच्या मधलाच तुकडा शोधायचा झाला तर साधा इंडेक्स निरुपयोगी. सीएनआरचं तसं नाही. राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रमांक आणि वर्ष सगळं ठरल्या जागी, आणि एका क्रमांकाचा एकच खटला.

तेव्हा तुमचा खटला चालू असेल, तर हा क्रमांक आजच वकिलांकडून मागून घ्या आणि फोनमध्ये टिपून ठेवा.